मास्टर्स करायचं का: प्रवेशाआधी पदवीची खरी किंमत कशी काढायची

मास्टर्सचा विचार बहुतेकांच्या डोक्यात अडचणीच्या वेळीच येतो. शेवटच्या वर्षाचा निकाल तोंडावर असतो आणि पुढचं काही ठरलेलं नसतं, किंवा नोकरीत मन लागत नाही आणि कुठल्यातरी विद्यापीठाची मुदत आठ दिवसांत संपणार असते. अशा घाईत आधी विद्यापीठाचं नाव पाहिलं जातं, मग फी, मग वसतिगृह; ही पदवी नेमकी कशाला हवी, हे विचारायचं राहूनच जातं. क्रम उलटा ठेवा. पदवीनंतर कोणतं काम करायचं ते आधी ठरवा, त्या कामाला मास्टर्स लागतं का ते तपासा, आणि तिथे होकार आला तरच फीचा आकडा बघा. या तपासणीला आठवड्याला चार-पाच तास दिले तर साधारण सहा आठवडे लागतात.

नाव बाजूला ठेवा, तास मोजा

'मास्टर'च्या मुळाशी लॅटिनमधला 'मॅजिस्टर' हा शब्द आहे, अर्थ शिक्षक. मध्ययुगात पॅरिसचं विद्यापीठ म्हणजे मुळात अशा मॅजिस्टरांचा संघ होता, आणि ही पदवी म्हणजे त्या संघात बसण्याचा, स्वतः शिकवण्याचा हक्क. आज त्या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. स्कॉटलंडच्या जुन्या विद्यापीठांत एम.ए. ही शाळेनंतरची चार वर्षांची पहिली पदवी असते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये बी.ए. झालेल्यांना काही वर्षांनी, कोणतीही नवी परीक्षा न देता, एम.ए. मिळते. ब्रिटनमधलं वर्गात शिकवलं जाणारं मास्टर्स बहुधा एका वर्षाचं, तर युरोपात इतरत्र ते बरेचदा दोन वर्षांचं. भारतात २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांचं आणि चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षाचं मास्टर्स अशी सोय केली. म्हणजे 'मास्टर्स केलं' या दोन शब्दांतून कामाची व्याप्ती कळतच नाही.

ती कळते श्रेयांकांवरून, म्हणजे क्रेडिट्सवरून. १९९९ साली २९ युरोपीय देशांनी बोलोन्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि पदव्यांची रचना सारखी करायला घेतली. त्या व्यवस्थेत पूर्णवेळ एका वर्षाचे ६० श्रेयांक, एका श्रेयांकाला २५ ते ३० तासांचं काम, आणि मास्टर्स साधारण ९० ते १२० श्रेयांकांचं. ब्रिटनमध्ये मास्टर्सला १८० श्रेयांक असतात, पण तिथे एक श्रेयांक म्हणजे १० तास. एकूण १,८०० तास. अमेरिकेत बहुधा ३० ते ३६ क्रेडिट लागतात, आणि एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास स्वतःचा अभ्यास, असं सुमारे १५ आठवडे धरलं जातं. म्हणजे एका क्रेडिटचे ४५ तास, आणि ३० क्रेडिटचे १,३५०.

हा गुणाकार नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांनी तर केलाच पाहिजे. १,८०० तासांचा अभ्यासक्रम दोन वर्षांत, म्हणजे १०४ आठवड्यांत बसवायचा तर सुट्टी न घेता आठवड्याला १७ तासांहून थोडे जास्तच द्यावे लागतात. १२० युरोपीय श्रेयांकांचा असेल तर किमान ३,००० तास. आठवड्याला १५ तास काढणाऱ्याला त्याला २०० आठवडे लागतील, म्हणजे जवळजवळ चार वर्षं. माहितीपत्रकावर 'नोकरी करताना सहज' असं छापलेलं असलं तरी भागाकार करूनच विश्वास ठेवा. अर्धवेळ मास्टर्स मध्येच सुटतं ते बहुधा विषय जड गेल्यामुळे नाही. पहिल्या सत्रात तास मोजलेले नसतात आणि दुसऱ्या सत्रात ऑफिसचं काम वाढतं, तिथे ते सुटतं.

तुम्ही यातलं नेमकं काय घेताय?

काही कामांना मास्टर्स हा परवानाच आहे. फिनलंडमध्ये शाळेत वर्गशिक्षक व्हायला मास्टर्स लागतं. अमेरिकेत समुपदेशनाचा स्वतंत्र व्यवसाय करायचा तर परवान्यासाठी ते लागतं. अशा ठिकाणी पदवीच्या किमतीवर वाद घालण्यात अर्थ नाही. ती नसेल तर ते काम नाही. पण इथेच सगळ्यात महागडी चूकही होते. परवाना देणारी संस्था कोणतंही मास्टर्स चालवून घेत नाही. तिने मान्य केलेल्या अभ्यासक्रमांची यादी असते, प्रत्यक्ष कामाचे ठरावीक तास असतात, कधी ठरावीक विषयही. विद्यापीठाला मान्यता असणं वेगळं आणि तो विशिष्ट अभ्यासक्रम परवान्यासाठी चालणं वेगळं. म्हणून विद्यापीठाच्या पानावरची मोहोर पाहून थांबू नका. परवाना देणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या यादीत अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव, शाखा आणि प्रवेशाचं वर्ष शोधा. 'मान्यतेसाठी अर्ज केला आहे' याचा अर्थ आज मान्यता नाही, एवढाच घ्या.

दुसरा उपयोग वळणाचा. पहिली पदवी एका क्षेत्रातली आणि काम दुसऱ्याच क्षेत्रात हवं, अशा माणसाला मास्टर्सइतका सरळ रस्ता क्वचितच मिळतो, आणि आमच्या मते पैशाच्या आणि वेळेच्या मानाने पदवीची सर्वात चांगली वसुली याच ठिकाणी होते. अट एकच: अभ्यासक्रमातच नव्या क्षेत्रातलं प्रत्यक्ष काम असलं पाहिजे. इंटर्नशिप नसेल तर दोन वर्षांनी हातात नव्या विषयाची पदवी आणि नव्या विषयातला शून्य अनुभव असतो; जुना अनुभवही तोवर शिळा होतो. इंटर्नशिप 'उपलब्ध' आहे की 'सक्तीची' आहे, तिला किती श्रेयांक आहेत आणि जागा विद्यापीठ शोधून देतं की विद्यार्थ्याने शोधायची, हे तीन प्रश्न लेखी विचारा.

ज्यांना पीएच.डी. करायची आहे त्यांनी देश पाहून निर्णय घ्यावा. युरोपात पीएच.डी.ला सहसा आधी मास्टर्स लागतं. अमेरिकेत मात्र बऱ्याच विषयांत पहिल्या पदवीवरून थेट पीएच.डी.ला प्रवेश मिळतो, विद्यापीठ बरेचदा फी माफ करून विद्यावेतनही देतं, आणि मास्टर्सची पदवी वाटेतच मिळून जाते. तिथे स्वतःच्या खिशातून आधी वेगळं मास्टर्स करण्यापूर्वी थेट अर्ज करून पाहावा.

राहिलं कौशल्य. ते मास्टर्समध्ये मिळतं, पण बाहेरही मिळतं, म्हणून इथेच सर्वात कडक तपासणी लागते. आणि विषयावरच्या प्रेमापोटी शिकायचं असेल तर ते कारण कुणापुढेही खाली मान घालून सांगण्यासारखं नाही. फक्त मग पगाराचे तक्ते पाहू नका. कोण शिकवतं, ग्रंथालय कसं आहे, प्रबंधाला किती मोकळीक आहे, हे पाहा.

तीस जाहिराती आणि एक तक्ता

तीन वर्षांनी जे काम करावंसं वाटतं त्याच्या ३० चालू जाहिराती गोळा करा. एकाच कंपनीच्या चारपेक्षा जास्त घेऊ नका. तक्त्यात पाच रकाने करा: पदाचं नाव, मागितलेली पदवी, 'किंवा समकक्ष अनुभव' असं लिहिलंय का, अनुभवाची वर्षं, आणि नावानिशी मागितलेली साधनं किंवा प्रमाणपत्रं. 'आवश्यक' आणि 'असल्यास प्राधान्य' यांना एकाच रकान्यात कोंबू नका; सगळा निकाल त्या फरकावर ठरतो.

मोजणीचा आमचा ठोकताळा असा. ३०पैकी २० किंवा अधिक ठिकाणी मास्टर्स आवश्यक असेल, तर पुढे जा. आठपेक्षा कमी ठिकाणी असेल, तर तीच दोन वर्षं अनुभवात घातलेली बरी. मधला आकडा आला की शेवटच्या रकान्याकडे बघा: एखादं साधन किंवा प्रमाणपत्र १५ जाहिरातींत दिसत असेल आणि ते सहा महिन्यांत शिकता येत असेल, तर आधी ते करा आणि सहा महिन्यांनी मोजणी पुन्हा करा.

यानंतर ते काम आज करणाऱ्या २० जणांची सार्वजनिक व्यावसायिक माहिती पाहा. पदवी आहे का, एवढंच पाहून थांबू नका. पदवी कधी केली ते पाहा. बरेच जण आधी त्या कामात शिरलेले असतात आणि मास्टर्स नंतर, कधी कंपनीच्या खर्चाने, केलेलं असतं. तिथे पदवीने नोकरी दिलेली नसते. नोकरीने पदवी दिलेली असते.

विद्यापीठाच्या पानावर हसऱ्या चेहऱ्यांचे माजी विद्यार्थी असतात, त्यांच्यावर निर्णय ठेवू नका. एकच आकडा सोलून पाहा: '९५ टक्के विद्यार्थी नोकरीत.' समजा वर्गात ८० जण होते, पाहणीला ४० जणांनी उत्तर दिलं आणि त्यातले ३८ नोकरीत आहेत. टक्केवारी ९५ येते, खोटं कुणी बोललेलं नसतं, पण ८०पैकी ४० जणांचं काय झालं ते कुणालाच माहीत नसतं. म्हणून प्रवेश किती, पूर्ण किती जणांनी केलं, उत्तर किती जणांनी दिलं, आणि नोकरी त्याच विषयातली किती जणांना, हे चारही आकडे मागा. पगाराची सरासरी सांगितली तर मध्यक विचारा, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की मधोमध येणारा आकडा. वर्गातल्या दोघांना भरघोस पगार मिळाले की सरासरी सगळ्यांसाठीच फुगते, मध्यक तसा हलत नाही.

हिशोब: फी हा मोठा खर्च नसतो

तुमचं आजचं वर्षाचं हातात येणारं उत्पन्न १०० धरा, बाकीचे आकडे त्याच्या प्रमाणात. नोकरीत राहिलात तर दरवर्षी ६ टक्के वाढ. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, फी वर्षाला ६०, आणि शिकताना छोट्या कामातून वर्षाला १५ मिळतात.

दोन वर्षांत बुडालेलं उत्पन्न १०० अधिक १०६, म्हणजे २०६. फी १२०. यातून कमावलेले ३० वजा करा: एकूण खर्च २९६. बुडालेलं उत्पन्न फीच्या पावणेदोन पटीच्या आसपास आहे, आणि नेमकं तेच कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं. राहण्या-जेवण्याचा खर्च धरताना फक्त आजच्यापेक्षा जास्त लागणारी रक्कम धरा. जेवण तर शिकला नसतात तरी लागलंच असतं.

आता दुसरी बाजू. न शिकता दोन वर्षांनी उत्पन्न सुमारे ११२ झालं असतं. मास्टर्समुळे ते २५ टक्क्यांनी जास्त, म्हणजे १४० झालं, आणि पुढे दोन्हीकडे वाढ सारखीच राहिली असं धरा. पहिल्या वर्षी फरक २८चा, मग तो हळूहळू वाढत जातो. २९६ भरून यायला पदवीनंतर सुमारे साडेआठ वर्षं लागतात. उडी २५ऐवजी १० टक्क्यांचीच निघाली तर तोच खर्च भरून यायला १६ वर्षांहून जास्त.

आता एकेक आकडा बदलून पाहा. अर्धी फी माफ झाली तर साडेआठची सात वर्षं होतात. अभ्यासक्रम एका वर्षाचा, फी ९० आणि शिकताना काहीच कमाई नाही, तरी सहा वर्षांत भरपाई होते. नोकरी न सोडता तीन वर्षांत तोच अभ्यासक्रम त्याच १२० फीत केला तर चार वर्षांच्या आतच. म्हणजे कालावधी आणि नोकरी चालू राहणं यांचा परिणाम फीच्या सवलतीपेक्षा जास्त होतो. शिष्यवृत्तीमागे धावताना हे सहसा लक्षात येत नाही.

कर्ज काढणार असाल तर शिकतानाचं व्याज विसरू नका. दोन्ही वर्षांच्या सुरुवातीला ६०-६० उचलले आणि व्याज १० टक्के असेल, तर परतफेड लांबणीवर असली तरी शेवटच्या दिवशी १२०चे जवळजवळ १३९ झालेले असतात. वरच्या हिशोबात ते मिळवा. आणि पगाराची उडी किती धरायची? जाहिरातींच्या तक्त्यातून, तुमच्या आजच्या अनुभवाच्या माणसाला मास्टर्ससह काय मिळतं आणि त्याशिवाय काय, एवढाच फरक धरा. दहा वर्षं अनुभव असलेल्याचा पगार पदवीच्या खात्यात टाकू नका.

अभ्यासक्रम वाचायचा कसा

संकेतस्थळावरचं आकर्षक पान सोडा आणि अभ्यासक्रमाची सविस्तर पुस्तिका मागा. तिच्यातली एकच ओळ कशी वाचायची ते पाहू. समजा लिहिलं आहे: 'संशोधन पद्धती, १० श्रेयांक, वैकल्पिक, १०० टक्के गटप्रकल्प.' या एका ओळीत तीन धोके आहेत. संशोधन पद्धती वैकल्पिक असेल तर प्रबंधाच्या वेळी अर्ध्या वर्गाला विदा, म्हणजे डेटा, हाताळता येत नाही. सगळे गुण गटप्रकल्पाचे असतील तर तुम्ही स्वतः काय शिकलात ते गुणपत्रकावरून कुणालाच कळणार नाही. आणि वैकल्पिक विषय म्हणजे दरवर्षी चालेलच असा विषय नव्हे. नाव नोंदवणारे कमी पडले की तो रद्द होतो. म्हणून गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष कोणते वैकल्पिक विषय चालले, त्यांची यादी मागा. ज्या विषयासाठी तुम्ही जाताय तोच त्या यादीत नसेल, तर बाकीचं वाचायची गरज नाही.

मग प्रबंध पाहा. ब्रिटनच्या १८० श्रेयांकांत तो बहुधा ६०चा, म्हणजे एक तृतीयांश पदवी. एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी असतात आणि किती भेटी ठरलेल्या असतात, हे विभागाला नाही तर आत्ता शिकणाऱ्या दोघा-तिघांना विचारा. मार्गदर्शकाने मसुदा किती दिवसांनी परत दिला, हा प्रश्न त्यात नक्की असू द्या.

अर्जाबद्दल थोडक्यात: प्रवेशाच्या १२ महिने आधी सुरुवात करा, शिफारसपत्र देणाऱ्यांना मुदतीच्या किमान सहा आठवडे आधी गाठा, आणि हेतुपत्रात (स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये) त्याच पुस्तिकेतल्या दोन विषयांची नावं घेऊन ते तुम्हाला का हवेत ते लिहा. लहानपणापासूनची आवड लिहिण्यात जागा घालवू नका.

प्रबंध अडतो कुठे

मास्टर्सची खरी किंमत बरेचदा प्रबंधातच असते, कारण पुढच्या मुलाखतीत दाखवायला तुमचं स्वतःचं असं तेवढंच काम असतं. आणि तोच सर्वात जास्त रखडतो. विषय मोठा घेतला जातो. 'ग्रामीण महिलांचं आरोग्य' हा विषय नाही, ते आयुष्यभराचं काम आहे. एका वाक्यात प्रश्न, एका वाक्यात माहिती कुठून येणार, एका वाक्यात ती कशी तपासणार: ही तीन वाक्यं लिहिता येईपर्यंत विषय नोंदवू नका.

दुसरी अडचण परवानगीची. माणसांच्या मुलाखती, रुग्णांच्या नोंदी, शाळकरी मुलं, यातलं काहीही असेल तर नैतिकता समितीची मंजुरी लागते आणि तिला आठवडे जातात. अर्जात त्रुटी निघाली की पुन्हा तेवढेच. १६ आठवड्यांचा प्रबंध असेल तर हा अर्ज पहिल्या आठवड्याच्या आत गेलेला असावा, खरं तर त्याही आधी. चौथ्या आठवड्यापर्यंत माहिती हातात आली नाही तर दुसरा स्रोत तयार ठेवा: आधीच प्रसिद्ध झालेली, कुणालाही उघडी असलेली विदा, जिच्यावर तोच प्रश्न थोडा वळवून विचारता येईल. संस्थेतल्या ओळखीच्या माणसाने 'देतो की' म्हटलं म्हणजे विदा मिळाली असं समजू नका. ती लेखी परवानगीने मिळते, आणि परवानगी देणारा माणूस बहुधा दुसराच असतो. लिहायला सुरुवात पद्धतीच्या प्रकरणापासून करा, काम चालू असतानाच, प्रस्तावना शेवटी. चौदाव्या आठवड्यानंतर नवी माहिती गोळा करणं थांबवा.

पदवी हातात आल्यावर लगेच

एका देशातलं मास्टर्स दुसऱ्या देशात आपोआप चालत नाही. मान्यतेसाठी १९९७चा लिस्बन करार आहे. त्यात सहभागी देशांनी ठळक फरक दाखवता आला नाही तर पदवी मान्य करायची असते. पण फरक ठरवताना कालावधी, श्रेयांक आणि विषयांचा तपशील पाहिला जातो, आणि एका वर्षाची पदवी नेमकी इथेच अडकू शकते. जिथे काम करायचं आहे तिथल्या समकक्षता ठरवणाऱ्या संस्थेला प्रवेशाआधीच ईमेल लिहून उत्तर जपून ठेवा.

निकाल लागल्याच्या महिन्यातच कागद गोळा करा. मोहोरबंद गुणपत्रकाच्या किमान तीन प्रती. युरोपातलं विद्यापीठ असेल तर पदवीसोबतची डिप्लोमा सप्लिमेंट, म्हणजे पदवीचा तपशील देणारी पुरवणी. आणि तुम्ही शिकलेल्या प्रत्येक विषयाचं त्या वर्षीचं पान, श्रेयांक आणि तासांसकट. पुस्तिका दरवर्षी बदलतात, जुन्या संकेतस्थळावरून उडतात, आणि पाच वर्षांनी परवाना मंडळाने 'सांख्यिकीचे तास दाखवा' म्हटलं की विभागातही ती प्रत कुणाकडे मिळत नाही. पीडीएफ दोन ठिकाणी साठवा आणि फाइलच्या नावातच विषय, सत्र आणि वर्ष लिहा.